परळीच्या धुराड्यात दुप्पट वीज नाही

आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा हाच मेसेज आला: "परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर थर्मिऑनिक यंत्रं बसवा. तेवढ्याच कोळशात दुप्पट वीज, पाण्याचा थेंब नको. शोध जुना आहे, दाबून ठेवला."

शोध जुना आहे, हे खरं. धातू सणसणून तापला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात. समोर कमी तापलेला पत्रा असला की ते त्यावर जमतात आणि तारेतून परत येताना वीज देतात. पण त्यासाठी धातू साधारण 1300 अंश सेल्सिअसच्या वर हवा. धुराड्यातला धूर असतो दीडशेच्या आसपास. म्हणजे थंड तव्यावर भाकरी टाकल्यासारखं.

बसवायचंच तर भट्टीत, आणि तिथं कल्पनेत दम आहे. गुऱ्हाळ आठवा. चुलवणातला जाळ हजार अंशांचा, कढईतला रस सव्वाशेच्या आत. मधली सगळी उतरण फुकट. बॉयलरमध्येही जाळ दीड हजाराकडे अन् वाफ 540 ची. या उतरणीवर आधी थोडी वीज काढायची, मग उरलेल्या उष्णतेची वाफ करायची.

दुप्पट होईल का? 100 भाग उष्णतेतून जुना संच 35 भाग वीज देतो असं धरू. नव्या यंत्रांनी 10 भाग काढले, तेही सगळी उष्णता त्यांच्यातूनच गेली तर (जात नाही). उरलेल्या 90 चे 35 टक्के म्हणजे 31.5. एकूण 41.5. वाईट नाही, पण दुप्पट म्हणजे 70.

पाण्याचं वाचून मात्र डोकंच फिरलं. 2015 साली पाण्यावाचून परळीचे संच बंद पडले होते, विसरलात? ते 90 भाग वाफेतूनच जाणार, वाफ थंड करायला तेच कूलिंग टॉवर. युनिटमागे पाणी थोडं कमी लागेल, इतकंच.

दाबून ठेवला म्हणे! 1987 साली सोव्हिएत संघानं अशी यंत्रं अणुभट्टीसकट अवकाशात पाठवली. अमेरिकेत तर जाळावरही चाचण्या झाल्या. घोडं अडलं ते धातूपाशी. टंगस्टन, मॉलिब्डेनम उघड्या जाळात टिकत नाहीत, म्हणून वर सिलिकॉन कार्बाइडचं कवच. आत मिलिमीटरहून कमी फट, तीत सिझियम या धातूची वाफ. एवढं करून अशा एका घटातून, म्हणजे पत्र्यांच्या एका जोडीतून, एक व्होल्टही नीट मिळत नाही, मग शेकडो घट एकाला एक जोडा. आणि बाहेरून कोळशाची वितळलेली राख चिकटत राहणार. ही राख काय चीज आहे, ते परळीत दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्यांना विचारा.