शिरो, पिठलं आणि पंधरा ऑगस्टचं मटण

वॉशिंग्टनच्या वेशीवरच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये इथिओपियन खानावळी बऱ्याच आहेत. ऑफिसातल्या एका इथिओपियन मैत्रिणीने परवा शुक्रवारी मला आणि माझ्या लेकीला तिथे जेवायला नेलं. मातीच्या बोळक्यात काहीतरी लालसर खदखदत आलं. पहिला घास घेतला आणि मी गप्पच झालो. पिठलं! त्यांच्याकडे त्याला ‘शिरो’ म्हणतात. हरभऱ्याचं भाजलेलं पीठ, कांदा, लसूण आणि आपल्या तिखटाच्या जागी बर्बेरे नावाचा मसाला. गाठी तेवढ्या नव्हत्या. आमच्याकडे गाठी झाल्या नाहीत तर आजोबा विचारायचे, ‘आज कढी केलीय का?’

सोबतची इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली परातीएवढी जाळीदार आंबोळी. तीच ताट, तीच भाकरी. एका इंजेरावर मसूर, पालेभाजी, शिरो, आणि भोवती आम्ही तिघं. मैत्रिणीने पहिला घास करून माझ्या लेकीला भरवला; तशी त्यांची रीतच आहे.

त्या दिवशी तिचा उपास होता. त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात बुधवार-शुक्रवारी मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही. ईस्टरच्या आधीचे मोठे उपास आणखी वेगळे. मी भीतभीत विचारलं, ‘मी मटण मागवलं तर चालेल?’ तिला प्रश्नच कळला नाही. शेवटी तिनेच माझ्यासाठी एक वाटी मागवली.

मला आठवलं आमचं कराडजवळचं घर. आजी माळकरी, आजोबा पक्के मटणवाले. रविवारी परसात तीन दगडांची चूल पेटायची. आत आजी लोखंडी कढईत स्वतःचं पिठलं टाकायची. पण परसातल्या मटणाचं वाटण पाट्यावर तीच वाटून द्यायची, कारण ते आईच्या हाताला जमत नाही असं तिचं ठाम मत होतं! हे सगळं गोडच होतं असंही नाही. मटणाचं पातेलं उंबऱ्याच्या आत येत नसे आणि आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. पण आपल्या गळ्यात माळ आहे म्हणून गावातल्या खाटकाने दुकान बंद ठेवावं, हे आजीच्या स्वप्नातही आलं नसतं.

२०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायला सांगितलं. त्यासाठी १९८८ च्या शासन निर्णयाचा दाखला दिला गेला. अशी बंदी योग्य नाही, असं तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवारही म्हणाले होते. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो वाद अजून धुमसतोय. ‘एक दिवस नाही खाल्लं तर मरशील का?’ असं विचारणारा मित्र बारावीपर्यंत आमच्या परसातल्या त्याच चुलीशी उकिडवा बसून नळी चोखायचा. मी एवढंच लिहिलं, की एक दिवस न खाण्याने कोणी मरत नाही हे खरं, पण तो दिवस ज्याचा त्याने ठरवावा, पालिकेने नाही. लगेच उत्तर आलं, ‘तू अमेरिकेत बसून शिकवू नकोस.’

त्याचं अगदीच चूक नाही. इथून बोलायला माझं काय जातं? दुकानाचं शटर माझं पडत नाही, धंदा माझा बुडत नाही. पण पिठल्यावर तरी माझा हक्क आहे की नाही? १९९५ मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर काढली, तेव्हा हेच बेसन सगळ्यांचं होतं. घेणारा घरी जाऊन काय खातो, हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

जेवण संपत आलं. तळाशी उरली होती सगळे रस पिऊन मऊ झालेली इंजेरा. मैत्रीण म्हणाली, ‘हेच सगळ्यात चांगलं असतं.’ पिठल्याच्या कढईची खरवड कोणाची यावरून मी आणि माझी बहीण मारामारी करायचो. मी हात पुढे केला, तर लेकीचा हात आधीच तिथे होता.