घोडा मोडावा लागतो म्हणे

गेले काही दिवस आपल्याकडच्या घोडेवाल्यांत एक मेसेज फिरतोय, साताऱ्यातून, कोरेगावातून, फलटणहून निदान पाच जणांनी मला पाठवला. म्हणणं असं की शिंगराचा जोर पहिल्याच आठवड्यात मोडायचा, कडक नाहीतर काटेरी लगामाशिवाय घोडा आवरत नाही, मायेनं शिकवणं हे परदेशी फॅड, आणि गूळ देऊन शिकवलेला घोडा चावरा होतो. बारा वर्षं घोडी सांभाळतोय, गप्प बसवेना.

आधी लगाम. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये नुसती हिरडी असते, लगामाचं लोखंड तिथं बसतं, आणि त्या पातळ हिरडीखाली लगेच जबड्याचं हाड. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, दुखलं की तो दुखण्यापासून पळतो, मान वर टाकतो, तोंड उघडतो, मग तीन-साडेतीनशे किलोचं जनावर दोन हातांनी कसं आवरणार? उधळलेले घोडे मी कितीतरी बघितलेत, लगाम सगळ्यांच्या तोंडात होता.

माझी घोडी व्यापाऱ्याकडून आणली तेव्हा ओठांच्या कोपऱ्यांवर जुने वण होते, लगाम हातात दिसला की मान छताला लावायची. सहा महिने तिला नुसत्या मोरकीवर, म्हणजे तोंडात लोखंड नसलेल्या दोरीच्या मुसकीवर चालवली. दोरी हलकी ताणायची, तिनं मान अर्धा इंच वळवली की त्याच क्षणी ढील. घोडा शिकतो तो ह्या ढिलीतून. ढील द्यायला एक सेकंद उशीर झाला तर सुटका कशामुळं झाली ते तिला कळतच नाही, आणि आपण म्हणतो घोडी आडमुठी आहे. आज ती लगामावरही चालते, बोटांच्या इशाऱ्यावर. शो जंपिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हॅकमोर, म्हणजे नाकावर दाब देणारा बिनलोखंडाचा लगाम चालतो, ड्रेसाजला, म्हणजे शिस्तीच्या चालींच्या स्पर्धेला लोखंड लागतं, म्हणजे दोन्ही वाटा चालू आहेत. काटेरी लगाम मात्र गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांना केंद्राच्या 1965 च्या नियमांनीच बंद आहे, तो जुनी पद्धत म्हणून सांगू नका.

परदेशी फॅड? दिवाळीनंतर माण-फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात तेव्हा घोड्यांच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड असतं, कोकरं, कोंबड्या, कधी लहान पोरंसुद्धा, बाई पुढं चालते आणि घोडी तिच्या मागं. मी बघितलेल्या बहुतेक घोड्यांना नुसती दोरी होती. हे आपल्याच रानातलं शिक्षण आहे हो. आणि परदेशाचंच म्हणाल तर प्राचीन ग्रीसचा सेनानी आणि लेखक झेनोफन यानं सुमारे 2,350 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की रागात घोड्याला हात लावू नये.

जोर मोडण्याचं वाचून तर मला फार वाईट वाटलं. पाय बांधून, पाडून, तहानलेलं ठेवून गप्प केलेलं शिंगरू शिकलेलं नसतं, त्यानं फक्त सांगणं सोडलेलं असतं. भीती वाटली की घोडा कान फिरवतो, शेपटी आवळतो, डोळे मोठे करतो, आणि ह्या खुणांवर मार खाल्लेला घोडा त्या दाखवणंच बंद करतो. मग वरातीत मुकाट उभा असतो आणि डॉल्बी सुरू झाला की एकदम उधळतो, वर नवरदेव. शिवाय दोन वर्षांच्या शिंगरावर बसायची घाई कशाला, त्याच्या पाठीची हाडं पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, अडीच वर्षांपासून पुढं दोन-अडीच वर्षं दुधाचे दात पडत असतात, तोंड आधीच हुळहुळं.

गुळाचं म्हणणं थोडं खरं आहे. खिशातून काढून भरवत बसलं की घोडा खिसा हुंगतो, मग चावतो. म्हणून मान सरळ ठेवून शांत उभा राहिला तरच द्यायचा, तोही घमेल्यात टाकून. आणि मायेच्या नावाखाली रिंगणात दमेपर्यंत पळवणारेही आहेत, ते मला मान्य नाही. नाकाच्या खालच्या बारीक हाडावर दोरी खेचली तर तीही लोखंडाइतकीच दुखते.

ज्यांची शिंगरं यंदा तिसऱ्या वर्षात आहेत त्यांनी खोगीर राहू द्या, रोज वीस मिनिटं मोरकीवर नुसतं सोबत चालवा, रस्त्यानं, ओढ्यातून, ट्रॅक्टरच्या बाजूनं. कुणाला दोरी कशी धरायची, ढील नेमकी कधी द्यायची बघायचं असेल तर रविवारी सकाळी आमच्या रानात या, घोडी तिथंच असते.