‘जीआय कमी, मग खा पोटभर’ : त्या मेसेजमध्ये चुकतंय काय?

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो : ‘शुगर असेल तर पोळी-भात बंद. भाकरी पोटभर खा. चहात साखरेऐवजी गूळ टाका. द्राक्षांना हात लावू नका. ज्याचा ग्लायसेमिक इंडेक्स 55 च्या आत, ते कितीही चालतं.’ खाली एक तक्ता, त्यात मिसळीपुढे ‘मटकी, जीआय कमी’ अशी हिरवी खूण.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथूनच निघालाय. टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, मांडला : एखाद्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते, याचा आकडा. ज्यातून 50 ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा, दोन तास रक्तातली साखर मोजायची आणि तेवढ्याच ग्लुकोजशी ताडून पाहायची. ग्लुकोज 100 धरला, तर 55 पर्यंतचा आकडा कमी आणि 70 पासून पुढचा जास्त. म्हणजे मात्रा चाचणीतच बांधून टाकलेली असते. ताटात किती वाढायचं, हे तो आकडा सांगूच शकत नाही. त्यासाठी ग्लायसेमिक लोड काढतात : जीआय गुणिले ताटातली कर्बोदकं, भागिले 100.

आता भाकरी. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, कणकेत 64. खरा फरक पडतो तो आकाराने. मोठ्या भाकरीला 60 ग्रॅम पीठ सहज लागतं, पोळीला 25 ते 30. एक भाकरी म्हणजे जवळपास 40 ग्रॅम कर्बोदकं, दोन पोळ्यांपेक्षा थोडी जास्तच. दोन पोळ्या सोडून ‘पोटभर’ म्हणून दोन भाकऱ्या घेतल्या, की कर्बोदकं दुप्पट होतात आणि जेवणानंतरची शुगर चढते. मग दोष गोळीला! शिवाय ज्वारीच्या भाकरीचा जीआय काही चाचण्यांत 70 च्या वर आलेला आहे. पीठ जितकं बारीक, तितका स्टार्च लवकर पचतो. नाचणीची पातळ आंबील त्याहून लवकर. घरच्या भाकरीचा हिशेब सोपा आहे. पाव किलो पीठ मोजून घ्या आणि भाकऱ्या किती होतात ते पाहा. चारच झाल्या, तर एका जेवणाला एक पुरे. दळण थोडं भरड आणा, सोबत पालेभाजी आणि घट्ट वरण किंवा उसळ घ्या.

भात बंद करायचं कारण नाही, मोजायचं आहे. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदकं असतात. मऊ, चिकट भातात बहुधा अमायलोज (हळू पचणारा स्टार्च) कमी असतं, म्हणून तो लवकर पचतो. इगतपुरीकडचा इंद्रायणी आवडत असेल तर जरूर खा, पण वाटी लहान घ्या. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून गरम केलेल्या भाताने शुगर थोडी कमी चढते. थोडीच, त्या भरवशावर दुसरी वाटी नको. तो भात तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस या जिवाणूचं विष तयार होऊ शकतं आणि फोडणी दिली तरी ते जात नाही.

गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. शुगरच्या दृष्टीने चमच्यामागे सांगण्यासारखा फरक नाही.

द्राक्षांच्या बाबतीत मेसेज स्वतःलाच खोटं पाडतो. बऱ्याच तक्त्यांत द्राक्षांचा जीआय 46 ते 59 दिसतो. मग 46 धरला, तर 55 च्या नियमाने कितीही चालायला हवीत! दोन्ही टोकं चूक. 80 ते 90 ग्रॅम द्राक्षांत साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं असतात. निर्यातीचा टपोरा मणी असेल तर एवढ्या वजनात वीसही बसत नाहीत, म्हणून मणी न मोजता एकदा काट्यावर तोला. तेवढीच साखर 20 ग्रॅम बेदाण्यात असते, आणि 20 ग्रॅम बेदाणे म्हणजे छोटी मूठ. रसाचा तर पेला कधी संपला ते कळतही नाही.

मिसळीची हिरवी खूण फक्त मटकीपुरती खरी. दोन पाव म्हणजे मैद्याची 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, वर फरसाण आणि तर्रीचं तेल. तेलामुळे पोट उशिरा रिकामं होतं. दोन तासांनी मीटरवर 150 दिसतं, माणूस खूश होतो आणि शुगर चढते तिसऱ्या-चौथ्या तासाला. म्हणून मिसळीनंतर एक पट्टी जास्त खर्च करा : पहिल्या घासापासून दोन तासांनी एक आणि साडेतीन तासांनी एक. पाव एकच, मटकी जास्त, फरसाण चिमूटभर. आधी उसळ-काकडी, पाव शेवटी; नंतर पंधरा मिनिटं पायी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल, तर मेसेज वाचून एकदम पोळी-भात सोडू नका. औषधाचा डोस जुन्याच जेवणावर बेतलेला असतो, साखर झपकन खाली येते. आधी डॉक्टरांशी बोला. साखर 70 च्या खाली गेलीच, तर तिथे जास्त जीआयच हवा : ग्लुकोज पावडर 15 ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातली चरबी उशीर लावते. सोबत व्होग्लिबोजही असेल तर साधी साखरही लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारं आतड्यातलं एन्झाइमच हे औषध अडवतं. अशांनी ग्लुकोजची पुडी खिशात ठेवावी.