पद्धतही तपासता येते
सध्या एक वाक्य फिरतंय, 'वैज्ञानिक-अवैज्ञानिक फक्त निष्कर्ष असतो, संशोधनाची पद्धत नाही'. हे चूक आहे. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्लाँडलो यांनी 'एन-किरण' नावाचे नवे किरण सापडले असं जाहीर केलं, पुरावा काय तर अंधाऱ्या खोलीत मंद उजेड जरासा वाढल्यासारखा दिसतो, तेही नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं, मग १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड तिथे गेले, ते किरण वेगळे करण्यासाठी उपकरणात लागणारा प्रिझम अंधारात गुपचूप काढून घेतला तरी मोजमापं येतच राहिली! म्हणजे घोळ पद्धतीतच होता ना, चूक पकडायची सोयच नव्हती तिच्यात. आणि हो, प्रयोगशाळा नाही म्हणून पद्धत अवैज्ञानिक असंही नसतं, खगोलशास्त्रात सूर्य-चंद्रावर कोण प्रयोग करतं, पण ग्रहणाची वेळ आधी सांगतात आणि चुकली तर सगळ्यांना दिसते.