फुफ्फुसाभोवतीचे पाणी आणि एक घातक सल्ला

आमच्या कोथरूडमधील सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला आणि नंतर नातेवाइकांकडून मला आणखी तीनदा मिळालेला एक संदेश असा आहे : ‘कर्करुग्णाच्या छातीतले पाणी काढू देऊ नका. एकदा काढले की ते पुन्हा पुन्हा भरते. सुईने कॅन्सर पसरतो. पाणी पिणे कमी करा, लघवीच्या गोळ्या द्या, ते आपोआप उतरेल.’ स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या माझ्या आत्याने असल्याच सल्ल्यावर विसंबून दोन आठवडे उशांना टेकून, बसूनच रात्री काढल्या. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले विधान अर्धे खरे आहे. पाणी पुन्हा भरते, बहुतेकांत महिन्याभरातच. परंतु ते काढल्यामुळे भरत नाही. फुफ्फुसाच्या दोन आवरणांमध्ये निरोगी माणसातही दोन-तीन चमचे द्रव असतो. कर्करोगाच्या पेशी त्या आवरणांवर पसरल्या की रक्तवाहिन्यांतून द्रव अधिक झिरपतो आणि त्याचा निचरा करणाऱ्या लसिकावाहिन्या तुंबतात. हे कारण कायम असेपर्यंत सुई टोचली काय किंवा न टोचली काय, पाणी साठतच राहते.

सुईमुळे कर्करोग पसरण्याची भीती मुख्यतः मेसोथेलिओमा या आवरणाच्याच कर्करोगापुरती आहे. इतरांत तसे क्वचितच घडते. पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात तेव्हा आजार आधीच आवरणापर्यंत पोहोचलेला असतो.

पाणी कमी पिण्याचा सल्ला मला सर्वांत अधिक खटकतो, कारण केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना त्यातून इजा होऊ शकते. हृदय दुबळे झाल्यामुळे साठलेले पाणी लघवीच्या गोळ्यांनी उतरते. कर्करोगाने झिरपणाऱ्या पाण्यावर त्यांचा सहसा उपयोग होत नाही.

संदेशात ज्यांचा उल्लेखच नाही, ते पर्याय महत्त्वाचे आहेत. धाप लागत नसेल तर अनेकदा काहीच न करता लक्ष ठेवले जाते. लिम्फोमासारख्या (लसिकाग्रंथींचा कर्करोग) काही आजारांत केमोथेरपीनेच पाणी ओसरू शकते. धाप असेल तर सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने पाणी काढतात. एका वेळी साधारण दीड लिटरपर्यंतच, कारण दबलेले फुफ्फुस एकदम फुगले तर त्यालाच सूज येऊ शकते. आयुष्य थोडेच उरले असेल तर एवढेही पुरते. अन्यथा नळीवाटे टाल्कची पूड सोडून दोन्ही आवरणे एकमेकांना चिकटवतात. त्यानंतर छातीत दुखणे आणि ताप येणे संभवते. दुसरा मार्ग म्हणजे त्वचेखालून बसवलेली मऊ नळी, जिच्यातून घरचे लोक शिकून घेऊन घरीच बाटलीत पाणी काढतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, या दोन मार्गांची तुलना करणाऱ्या चाचणीत धाप कमी होण्यात दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र नळीच्या रुग्णांना रुग्णालयात कमी दिवस राहावे लागले. नळीला जंतुसंसर्गाचा धोका असतो, तो क्वचित उद्भवतो.

यांतील निवड बरीचशी एका गोष्टीवर ठरते. गाठींनी जखडलेले फुफ्फुस पाणी काढल्यावरही पूर्ण उघडत नसेल, तर आवरणे एकमेकांना टेकतच नाहीत आणि टाल्क व्यर्थ जाते. तेथे नळीच योग्य. म्हणून पहिल्यांदा पाणी काढल्यानंतर डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : धाप किती कमी झाली, आणि एक्स-रेमध्ये फुफ्फुस पूर्ण उघडलेले दिसते का?