पिणारा एक, पैसे दोघांचे : ड्रिंक्स पॅकेजवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून नुसते आभार मानून मोकळं होण्याऐवजी सविस्तर उत्तर देतेय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रूझवर दारूचं पॅकेज, म्हणजे दिवसाला ठराविक रक्कम आधी भरून सफरभर पिण्याची सोय, विकत घ्यावं का, यावर मी लिहिलं होतं, आणि जोडीने जाणाऱ्या बहुतेकांना ते परवडत नाही असं माझं मत दिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, की सुट्टीत हिशेब मांडत बसलं तर सुट्टी कशाला घ्यायची? एकदा पैसे भरून टाकले की डोक्याला ताप नाही. शिवाय पॅकेजमध्ये कॉफी, बाटलीबंद पाणी, ज्यूस हे सगळंही येतं, ते मी पुरेसं धरलं नाही. आणि शेवटी, 'आम्ही दोघांनी घेतलं आणि पुरेपूर वसूल केलं.'

डोक्याला ताप नको, हा तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. द्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन या दोन संशोधकांनी १९९८ साली नेमकं हेच मांडलं होतं. वॉशिंग मशीनसारखी वस्तू घ्यायची तर लोकांना पैसे नंतर हप्त्यांनी द्यायला आवडतात, पण कॅरिबियनच्या सहलीचे पैसे मात्र निघण्याआधीच चुकते करावेसे वाटतात. कारण उघड आहे. आधी भरलेले पैसे सहलीत टोचत नाहीत. दर ग्लासामागे पावतीवर सही करताना ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांच्यासाठी हा निवांतपणा खरा आहे आणि त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी त्यात गैर काही नाही. फक्त ते चार पैसे आहेत की चारशे, हे आधी माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. हा हिशेब घरी बसून दहा मिनिटांत होतो. जहाजावर तो करायचाच नसतो.

पण पॅकेज घेतल्यावर हिशेब खरंच संपतो का? बारच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहून बघा. कार्ड पुढे जातं, मशीनमधून शून्य रकमेची पावती येते, आणि पाठोपाठ प्रश्न येतो, 'आज माझे किती झाले?' पैसे मोजणं थांबलं, ग्लास मोजणं सुरू झालं. तुम्ही स्वतः 'पुरेपूर वसूल केलं' असं लिहिलंय. वसूल झालं हे कळायला कुणीतरी मोजलेलं असावं लागतं. आर्क्स आणि ब्लूमर यांचा १९८५ सालचा एक प्रयोग इथे आठवतो. नाटकाच्या हंगामाची तिकिटं त्यांनी काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत मिळतील अशी व्यवस्था केली. नाटकं तीच, तरी पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त वेळा गेले. भरलेला पैसा माणसाला ओढत नेतो. नाटकाच्या बाबतीत ते छानच आहे. दारूच्या बाबतीत मला ते छान वाटत नाही.

आता ज्या नियमावर माझा सगळा लेख उभा होता आणि ज्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही, त्याच्याकडे येते. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि अशा अनेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा, की एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्या केबिनमधल्या प्रत्येक प्रौढाने घ्यायचं. प्रौढ म्हणजे त्या सफरीवर दारू प्यायला परवानगी असलेल्या वयाचा. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर ते वय साधारणपणे २१ असतं, युरोपातल्या सफरींवर बऱ्याचदा १८. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे: एकाने पॅकेज घ्यायचं आणि दोघांनी त्यावर प्यायचं, हे कंपनीला टाळायचं असतं. पण परिणाम असा होतो, की विकलं जातं ते माणसाला नव्हे, केबिनला. म्हणून 'मी किती पितो' हा प्रश्नच अपुरा आहे. केबिनमध्ये सगळ्यात कमी पिणारं माणूस किती पितं, तिथून सुरुवात करायला हवी.

आकडे धरून बघू. किमती प्रत्येक सफरीला बदलतात, म्हणून हे आकडे केवळ उदाहरणादाखल. समजा पॅकेज माणशी दिवसाला ७० डॉलर आणि सुटं एक ड्रिंक सरासरी १३ डॉलर. दोन्हींवर वर १८ ते २० टक्के सेवाशुल्क लागतं. लोक इथे हमखास घोटाळा करतात. पॅकेजची किंमत सेवाशुल्कासकट धरतात आणि सुट्या ड्रिंकची मेन्यूतली, किंवा उलट. टक्का दोन्हीकडे सारखा असेल तर तो बाजूला ठेवून सरळ मूळ किमती भागा. सत्तर भागिले तेरा, म्हणजे सुमारे साडेपाच ड्रिंक्स. एकटा माणूस रोज सहा पीत असेल तर तो फायद्यात. दोघांच्या केबिनला मात्र १४० भागिले १३, म्हणजे दिवसाला जवळजवळ ११ ड्रिंक्स लागतात. बायको रात्रीच्या जेवणाबरोबर एक वाईन आणि नंतर एखादं कॉकटेल घेत असेल, तर उरलेली नऊ नवऱ्याच्या वाट्याला येतात. रोज. सात रात्रींची सफर असेल तर सातही दिवस, कारण पॅकेज सहसा अख्ख्या सफरीचं घ्यावं लागतं, निवडक दिवसांचं मिळत नाही.

आणि त्या सातांपैकी तीन-चार दिवस जहाज बंदरात असतं. सकाळी नाश्ता करून तुम्ही उतरता, संध्याकाळी परत येता. किनाऱ्यावर प्यालेली बिअर सहसा पॅकेजमध्ये येत नाही, तिचे वेगळे पैसे. म्हणजे त्या दिवशी वसुलीला फक्त संध्याकाळ उरते. पूर्ण दिवस समुद्रातच असलेल्या सफरीला हिशेब वेगळा आणि रोज नवं बंदर असलेल्या सफरीला वेगळा. वेळापत्रक बघितल्याशिवाय पॅकेजबद्दल कुणी ठाम सल्ला दिला तर त्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

कॉफी-पाण्याचा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो माणसागणिक निकाल फिरवू शकतो. समजा कुणी रोज दोन चांगल्या कॉफी पितं, ५ डॉलरच्या, एक पाण्याची बाटली ४ डॉलरची आणि एक मॉकटेल ८ डॉलरचं. हे झाले २२. सत्तरातून ते वजा केले तर ४८ उरतात, म्हणजे दारूची चार ड्रिंक्स झाली की पैसे फिटले. चार म्हणजे दुपारी पूलजवळ एक, जेवणाआधी एक, जेवणाबरोबर एक, शो बघताना एक. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे अशक्य नाही. पण दोन गोष्टी तपासा. एक, घरी तुम्ही ती कॉफी खरंच रोज दोनदा पिता का, की पॅकेजमध्ये आहे म्हणून पिणार आहात? दोन, साधं पाणी, साधी कॉफी, चहा आणि नाश्त्याच्या वेळचे ज्यूस बुफेमध्ये बहुतेक जहाजांवर तिकिटातच असतात. ज्याला मशीनच्या एस्प्रेसोचं आणि बाटलीतल्या पाण्याचं अप्रूप नाही, त्याच्यासाठी ते २२ डॉलर कागदावरच राहतात. आणि ज्याला फक्त सोडा, कॉफी, मॉकटेल हवं, त्याच्यासाठी बिनदारूचं वेगळं पॅकेज असतं. ते बरंच स्वस्त पडतं आणि माझ्या मते जास्त लोकांच्या कामाचं आहे.

'नऊ ड्रिंक्स काही फार नाहीत' असं तुम्ही मध्येच एका वाक्यात म्हणून गेलात. तिथे मला थांबावंसं वाटलं. अमेरिकी मोजमापानुसार एक ड्रिंक म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ३५५ मिलीची ५ टक्क्यांची बिअर किंवा ४४ मिली व्हिस्की. जहाजावरच्या काही कॉकटेलमध्ये दोन-तीन प्रकारची मद्यं असतात, म्हणजे एका ग्लासात एकाहून जास्त. नऊ ड्रिंक्स म्हणजे १२६ ग्रॅम, आणि तेही उन्हात, हलत्या जहाजावर, सलग आठवडाभर. कार्निव्हलच्या पॅकेजला २४ तासांत १५ ड्रिंक्सची मर्यादा आहे. ती ऐकून काही जण पंधराला लक्ष्य समजतात, याची मला काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. मी कुणाला दारू सोडायला सांगत नाहीये. पैसे फिटावेत म्हणून तहान नसताना पिऊ नका, हे मात्र नक्की सांगेन.

'ज्यांना परवडत नाही त्यांनी क्रूझला जाऊच नये' हे तुमचं वाक्य मला पटलं नाही आणि आवडलंही नाही. वर्षभर पैसे साठवून पहिल्यांदा जहाजावर चढणारी माणसं हा लेख वाचतात. पॅकेजवर वाया जाणाऱ्या पैशांत त्यांची एखाद्या बंदरातली सहल होते. ती त्यांना जास्त आठवणार आहे.

मग पॅकेज कुणी घ्यावं? केबिनमधले सगळे प्रौढ साधारण सारखंच आणि बऱ्यापैकी पिणारे असतील, सफरीत समुद्रातले दिवस जास्त असतील, आणि दिवसभराच्या कॉफी-पाण्याचीही खरी सवय असेल, तर खुशाल घ्या. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दोघं तसेच दिसता, त्यामुळे तुमचा निर्णय तुमच्यासाठी बरोबरच होता. घ्यायचं ठरलं तर निघण्याआधी वेबसाइटवरूनच घ्या, जहाजावर चढल्यावर ते सहसा महाग पडतं. किंमत उतरली तर आधीचं रद्द करून नव्या दराने घेता येतं का, तेही विचारा. काही कंपन्या देतात. आणि तिकिटाबरोबर पॅकेज 'मोफत' मिळत असेल तर सेवाशुल्काची ओळ नीट वाचा. काही ठिकाणी ते शुल्क पॅकेजच्या पूर्ण छापील किमतीवर लावलं जातं आणि रक्कम चांगलीच मोठी होते.

जाता जाता तुम्ही विचारलंय, की दोघांपैकी एकच पिणारा असेल तर त्याने काय करायचं. आधी कंपनीला फोन करून विचारायचं. दुसरी व्यक्ती गरोदर असेल, औषधं चालू असतील किंवा मुळीच पीत नसेल, तर काही वेळा तिला बिनदारूच्या पॅकेजवर सोडतात, पण हे बुकिंग करतानाच ठरवून घ्यावं. ते जमलं नाही तर सुटंच घ्यायचं. बऱ्याच कंपन्या जहाजावर चढताना माणशी एक ७५० मिलीची वाईनची बाटली आणू देतात. डायनिंग रूममध्ये ती उघडली तर कॉर्केज, म्हणजे स्वतः आणलेली बाटली उघडून देण्याचा आकार, लागतो, केबिनमध्ये प्यायली तर सहसा नाही. डायनिंग रूममध्ये विकत घेतलेली बाटली एका जेवणात संपवायची सक्तीही नसते. वेटर बूच लावून, केबिनचा नंबर टाकून ठेवून देतात आणि दुसऱ्या दिवशी तीच टेबलावर आणतात. रोज रात्री एक-दोन ग्लास घेणाऱ्याला एक बाटली दोन-तीन रात्री पुरते आणि ग्लासाग्लासाने घेण्यापेक्षा स्वस्त पडते. खर्च किती झाला हे जहाजाच्या अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर केव्हाही दिसतं. बारच्या पावतीवर सेवाशुल्क आधीच छापलेलं असतं, त्याखालची रिकामी ओळ जादा टिपसाठी असते. ती भरायलाच हवी असं नाही.

तुमच्या पुढच्या सफरीचं वेळापत्रक आणि जहाजाचा बार मेन्यू हाताशी असेल तर खाली लिहा. दोघांचा हिशेब मी मांडून देते.