‘एरर आला नाही, म्हणजे कॉपी बरोबर’? ऑडिओ सीडीसाठी हे खरं नाही

एक सल्ला सगळीकडे फिरतो: ‘सीडीवरचं गाणं डिजिटलच असतं. कुठल्याही सॉफ्टवेअरनं रिप करा, म्हणजे संगणकावर उतरवा, हुबेहूब येतं. ओरखडे असतील तर वेग कमी करा. एरर आला नाही आणि फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आवाज साठवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवलं, की काम झालं.’ यानं चांगले संग्रह कायमचे बिघडतात.

‘डिजिटल म्हणजे हुबेहूब’ हे डेटा सीडीपुरतं ठीक आहे. तिच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या एका तुकड्यात) फाइलचे २०४८ बाइट असतात; उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि चूक दुरुस्त करणारा जादा कोड. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट आवाजाचे, हा जादा कोड नाहीच. सी१ आणि सी२ ही चुका दुरुस्त करणारी दोन टप्प्यांची मूळ सोय दोन्हींना आहे, पण ती अपुरी पडली की ऑडिओ वाचणारा ड्राइव्ह शेजारच्या सॅम्पलवरून (आवाजाच्या मोजलेल्या आकड्यांवरून) अंदाजे आकडा भरतो आणि पुढे जातो. एरर दिसणार कुठून?

वेग कमी केल्यानं काही ड्राइव्ह सुधारतात, काही नाही. आधी सीडी मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. मग एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिपिंग सॉफ्टवेअरचा सिक्युअर मोड वापरा. तो प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचतो आणि फरक पडला तर पुन्हा पुन्हा वाचतो. खरी मेख कॅशची. ड्राइव्ह ऑडिओ कॅश करत असेल (वाचलेलं आपल्या मेमरीत ठेवत असेल) तर दुसरं वाचन डिस्कवरून न होता मेमरीतून येतं, आणि चूक चुकीशी जुळते. म्हणून अशा ड्राइव्हसाठी ड्राइव्ह ऑप्शन्समध्ये ‘ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो’ ही खूण चालू हवी. सी२ला दुरुस्त न झालेल्या चुकांची माहिती ड्राइव्ह भरवशानं देत नसेल, तर तो पर्याय बंदच ठेवा.

टेस्ट आणि कॉपी या दोन वाचनांचे सीआरसी (डेटावरून काढलेले पडताळणी-आकडे) जुळले तरी पुरावा पक्का नाही. खोल ओरखड्यावर तोच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो. खरी पडताळणी ॲक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदसंग्रहाची, कारण तिथे इतरांच्या ड्राइव्हवरच्या, वेगळ्या प्रतींशी तुलना होते. त्याआधी रीड ऑफसेट, म्हणजे ड्राइव्ह किती सॅम्पल पुढेमागे वाचतो तो आकडा, भरा. तो मॉडेलप्रमाणे ठरतो: कुठे +६, कुठे +६६७ सॅम्पल. (६६७ सॅम्पल म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंद, कानाला कळत नाही, सीआरसी मात्र बदलतो.) ॲक्युरेटरिपमधला कॉन्फिडन्स (जुळणाऱ्या नोंदींची संख्या) १ असेल तर ती तुमचीच जुनी नोंद असू शकते.

सीडी ॲक्युरेटरिपमध्ये नसेलच, तर दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर, त्याचा ऑफसेट भरून, रिप करा आणि सीआरसी ताडून पाहा. पहिल्या-शेवटच्या ट्रॅकच्या टोकाला थोडे सॅम्पल वेगळे निघू शकतात. मधले ट्रॅक जुळायलाच हवेत.

फ्लॅकबद्दल एवढंच: मिळालं ते तो जसंच्या तसं जपतो, चुकांसकट.